‘डीन’ या पदाची कुळकथा

अमेरिकेतील महाविद्यालयात पाऊल ठेवणाऱ्या प्रत्येक विद्यार्थ्यास ‘डीन’ हा शब्द पहिल्याच आठवड्यात ऐकू येतो. प्रवेश, शिष्यवृत्ती, शिस्त, तक्रार, या साऱ्यांचे कागद कधी ना कधी डीनच्या मेजावर जातात. त्याच वेळी शहरातील एखाद्या मोठ्या एपिस्कोपल कॅथीड्रलच्या दारावरील फलकावर तेथील मुख्य धर्मोपदेशकाच्या नावापुढेही ‘डीन’ असेच लिहिलेले आढळते. एकच उपाधी विद्यामंदिरात आणि देवालयात कशी आली, याची कथा मनोरंजक आहे. आणि तिचे एक प्रकरण मराठी माणसाच्या जिव्हाळ्याचे आहे.

शब्दाचे मूळ लॅटिन ‘डेकानुस’, म्हणजे दहांवरचा नायक. लॅटिनमधील ‘डेकेम’ आणि संस्कृतातील ‘दशन्’ ही एकाच घराण्यातील भावंडे होत; आपला ‘दहा’ त्यांचाच वंशज. रोमन सैन्यात एका तंबूतील शिपायांच्या लहान तुकडीवर डेकानुस असे. पुढे ख्रिस्ती मठांनी हे नाव उचलले. सहाव्या शतकात संत बेनेडिक्टने आपल्या मठांसाठी जे नियम घालून दिले, त्यांत मोठ्या मठातील संन्याशांवर असे नायक नेमावेत आणि ते ज्येष्ठतेवरून नव्हे, तर सदाचार व ज्ञान पाहून निवडावेत, असे सांगितले आहे. दहांची मोजणी करून कारभार चालविण्याची कल्पना केवळ पश्चिमेचीच होती असे मात्र नाही. मनुस्मृतीच्या सातव्या अध्यायात एका गावावर, दहा गावांवर, वीस, शंभर व हजार गावांवर क्रमाने अधिपती नेमण्याची व्यवस्था वर्णिलेली आहे. उसाच्या मळ्यांवर टोळीपुढे उभा राहणारा ‘सरदार’ ज्यांच्या आज्या-पणज्यांनी पाहिला, त्यांना माणसांच्या तुकडीवर एक माणूस नेमणे म्हणजे काय, हे निराळे समजावून सांगावयास नको. फरक एवढाच, की बेनेडिक्टने नायकाच्या अंगी ज्ञान मागितले. मळ्याच्या मालकाने ते मागितले नाही.

मठातून हे नाव कॅथीड्रलच्या धर्मोपदेशकांच्या मंडळाकडे आणि तेथून विद्यापीठांकडे गेले, कारण युरोपातील जुनी विद्यापीठे चर्चच्या छायेतच वाढली. जुन्या फ्रेंचमधून येताना त्याचे इंग्रजीत ‘डीन’ झाले आणि दहाचा अर्थ पार पुसला गेला. कवी जॉन डन १६२१ मध्ये लंडनच्या सेंट पॉल्सचा डीन झाला. ‘गलिव्हर’चा कर्ता जोनाथन स्विफ्ट १७१३ पासून डब्लिनच्या सेंट पॅट्रिक्सचा डीन होता.

अमेरिकेत मात्र उलटे घडले. वसाहतींच्या काळात येथे अँग्लिकन बिशप नव्हता. पहिला, सॅम्युअल सीबरी, १७८४ मध्ये अभिषिक्त झाला. बिशप नाही तर कॅथीड्रल नाही, आणि कॅथीड्रल नाही तर त्याचा डीनही नाही. म्हणून या देशात हे पद प्रामुख्याने विद्यालयांतच रुजले. १८७० मध्ये हार्वर्डचे अध्यक्ष एलियट यांच्या कारकीर्दीत कॉलेजला आणि कायद्याच्या विद्यालयाला डीन नेमले गेले. पुढे विद्यापीठांच्या प्रार्थनामंदिरांवरही डीन आले, म्हणजे उपाधीचे दोन्ही प्रवाह पुन्हा एकत्र मिळाले. गुलामगिरीत जन्मलेल्या आजीच्या हाताखाली वाढलेले हॉवर्ड थर्मन १९३६ मध्ये हिंदुस्थानात गांधीजींना भेटले आणि १९५३ मध्ये बोस्टन विद्यापीठाच्या मार्श चॅपेलचे डीन झाले. २००८ मध्ये दक्षिण कॅलिफोर्निया विद्यापीठाने धार्मिक जीवनाच्या डीनपदी वरुण सोनी या हिंदू गृहस्थाची नेमणूक केली.

परंतु मराठी वाचकाला सर्वांत जवळचा डीन फिलाडेल्फियाचा, आणि तो पुरुष नव्हता. १८५० मध्ये स्थापन झालेल्या तेथील स्त्रियांच्या वैद्यकीय महाविद्यालयाच्या डीन १८७४ पासून रेचेल बॉडली होत्या. त्या रसायनशास्त्राच्या अध्यापिका, आणि श्रद्धाळू ख्रिस्ती. परदेशी मिशनांच्या कार्याविषयी त्यांना मोठी आस्था होती. त्यांच्याकडे १८८३ मध्ये अठरा वर्षांच्या आनंदीबाई जोशी येऊन दाखल झाल्या.

त्यापूर्वीची हकीकत ध्यानात घेण्याजोगी आहे. गोपाळराव जोशी यांनी पत्नीच्या शिक्षणासाठी मिशनरी वाइल्डर यांच्याशी पत्रव्यवहार केला होता. वाइल्डर यांनी तो आपल्या नियतकालिकात छापला, आणि साहाय्याचा मार्ग ख्रिस्ती होण्यातून जातो असे सुचविले. गोपाळरावांनी ते मानले नाही. तोच अंक १८८० मध्ये न्यू जर्सीतील रोझेल गावच्या श्रीमती कार्पेंटर यांच्या हाती एका दंतवैद्याकडे खोळंबून बसल्या असताना पडला, आणि कोणतीही अट न घालता त्यांनी आपल्या घराचे दार उघडले. निघण्यापूर्वी श्रीरामपूर येथील सभेत आनंदीबाईंनी आपण हिंदू म्हणून जाणार आणि हिंदू म्हणूनच परतणार, असे जाहीर केले. १८८३ च्या एप्रिलमध्ये त्या कलकत्त्याहून निघाल्या. डेमेरारा-त्रिनिदादकडे जाणारी गिरमिट्यांची जहाजेही त्या काळी त्याच हुगळीच्या पाण्यातून सुटत.

मठातून आलेली उपाधी धारण करणाऱ्या मिशनभक्त बाईंपुढे ही साडीतील मुलगी उभी राहिली. बॉडलीबाईंनी तिला वर्गात घेतले. १० ऑक्टोबर १८८५ रोजी डीनने दिलेल्या स्वागतसमारंभाच्या वेळी घेतलेले एक छायाचित्र प्रसिद्ध आहे: आनंदीबाई, जपानच्या केई ओकामी आणि सीरियाच्या सबात इस्लामबुली, तिघी आपापल्या देशाच्या वेषात. आनंदीबाईंनी आपला प्रबंध आर्य हिंदूंमधील प्रसूतिशास्त्रावर लिहिला. ११ मार्च १८८६ रोजी त्यांना पदवी मिळाली. तो समारंभ पाहावयास पंडिता रमाबाई इंग्लंडहून आल्या होत्या. रमाबाई तेव्हा ख्रिस्ती झालेल्या होत्या, आनंदीबाई हिंदूच राहिल्या होत्या. डीनने दोघींचाही सारखाच आदर केला, आणि त्या काळचा मिशनरी उत्साह पाहता ही गोष्ट लहान मानता येत नाही.

आनंदीबाई कोल्हापूरच्या रुग्णालयातील नेमणूक पत्करून परतल्या, परंतु क्षयाने त्यांना रुग्ण तपासू दिले नाहीत. २६ फेब्रुवारी १८८७ रोजी पुण्यात त्यांचा अंत झाला; वय बावीसही पूर्ण नव्हते. त्याच वर्षी रमाबाईंचे उच्चवर्णीय हिंदू स्त्रीवरील इंग्रजी पुस्तक फिलाडेल्फियात निघाले. त्याची प्रस्तावना बॉडलीबाईंनी लिहिली आणि तीत आपल्या या विद्यार्थिनीला स्थान दिले. पुढच्याच वर्षी, १८८८ च्या जूनमध्ये, त्याही डीनपदावर असतानाच वारल्या.

महाराष्ट्रातील शासकीय वैद्यकीय महाविद्यालयांच्या प्रमुखास आज ‘अधिष्ठाता’ म्हणतात, तरी रुग्णालयाच्या ओसरीत लोक ‘डीनसाहेब’ असेच बोलतात. आनंदीबाईंच्या अस्थी न्यूयॉर्क राज्यातील पोकीप्सी येथे, कार्पेंटर कुटुंबाच्या स्मशानभूमीतील जागेत आहेत.