सुप्यात जळालेले रोखे आणि सरकारने छापलेला अहवाल

वारजेकरांनो, ही आपल्याच जिल्ह्यातली गोष्ट. १२ मे १८७५. बारामतीजवळच्या सुप्यात आसपासचे शेतकरी जमले, सावकारांकडून वह्या आणि कर्जरोखे मागून घेतले अन् जाळून टाकले.

का? १८५९च्या कायद्याने रोख्याची मुदत तीन वर्षं झाली होती. सावकार दर तीन वर्षांनी थकलेलं व्याज मुद्दलात घालून नवा रोखा करायचे. वाचता न येणारा कुणबी अंगठा उठवायचा.

दंग्याचं लोण नगरपर्यंत गेलं. ९५१ जणांना अटक झाली. सरकारने आयोग नेमला, त्याचा अहवाल १८७८ मध्ये ब्रिटिश संसदेपुढे गेला. त्यात शेतकऱ्यांच्या जबान्या आहेत, व्याजाचे आणि शेतसाऱ्याचे दरही आहेत. पण निष्कर्ष काय? दोष सावकाराचा, सरकारच्या साऱ्याचा नाही!

तरी १८७९ मध्ये कायदा आला. रोख्यामागचा खरा हिशेब तपासायचा अधिकार कोर्टाला मिळाला.

म्हणून सांगतो, चौकशी अहवाल कोणताही असो, नुसता निष्कर्ष वाचून थांबू नका. मागच्या जबान्या वाचा. लोक काय म्हणाले ते तिथेच सापडतं.