खानेसुमारीचे प्रश्न आणि द्रोणागिरीची गावे

द्रोणागिरी डोंगराच्या पायथ्याची करंजा, चाणजे, नागाव, केगाव ही गावे एकोणिसाव्या शतकात पनवेल तालुक्याच्या उरण पेट्यात मोडत. मुंबई इलाख्याची पहिली शिरगणती 21 फेब्रुवारी 1872 रोजी झाली, दुसरी 17 फेब्रुवारी 1881 रोजी. तेव्हा पनवेल ठाणे जिल्ह्यात होते. 1883 मध्ये ते कुलाब्यात आले आणि 1981 मध्ये कुलाब्याचे रायगड झाले. त्यामुळे या गावांची माणसे शोधणाऱ्याला तीन जिल्ह्यांच्या नावांखाली शोधावे लागते.

1872 च्या तक्त्यात नाव, वय, धर्म, जात, धंदा, लिहिता-वाचता येते का आणि व्यंग असे रकाने होते. 1881 मध्ये त्यांत वैवाहिक स्थिती आणि मातृभाषा यांची भर पडली. व्यंगाच्या रकान्यात वेड, जन्मापासूनचे मूकबधिरत्व, अंधत्व आणि महारोग एवढेच विचारले जाई. 1901 मध्ये प्रश्नांची संख्या 16 झाली. इंग्रजी येते का, हाही त्यांतला एक. साक्षर कोणाला म्हणावे, याची व्याख्या 1911 मध्ये नेमकी झाली: मित्राला पत्र लिहिता आले पाहिजे आणि त्याचे उत्तर वाचता आले पाहिजे.

या गावांच्या दृष्टीने सर्वांत महत्त्वाचा रकाना धंद्याचा. उरणच्या खाडीकाठचे आगरी कुटुंब पावसाळ्यात खारजमिनीत भात लावी, पाऊस ओसरल्यावर मिठागरावर जाई आणि जमेल तेव्हा मासेमारीही करी. वर्षभराचे हे चक्र एका शब्दात मावत नव्हते. 1901 च्या तक्त्यात मुख्य धंदा आणि जोडधंदा असे वेगळे रकाने होते खरे, पण मुख्य कोणता हे ठरवावे लागेच. गणनेची रात्र फेब्रुवारी-मार्चमधली, म्हणजे मिठागरे ऐन भरात असण्याच्या दिवसांतली. ज्याला त्या दिवसांत ‘काय करतोस?’ असे विचारले, तो ‘मिठागरावर आहे’ असेच सांगणार. त्यामुळे आगरी, कोळी, कराडी समाजांच्या धंद्यांचे जुने आकडे वाचताना ऋतू लक्षात ठेवणे भाग आहे.

1931 पर्यंत गणना एका रात्रीची असे आणि माणूस त्या रात्री जिथे सापडे तिथे मोजला जाई. तारीख निवडताना चांदण्याचाही विचार होई, कारण गणकाला रात्री घरोघर फिरायचे असे. घरांना आधीच क्रमांक दिलेले असत. 1931 चे प्रश्न 18 होते, आणि सर्व जातींचे आकडे प्रसिद्ध झालेली ती शेवटची गणना. 1941 मध्ये मुलांची संख्या आणि पहिल्या मुलाच्या वेळचे आईचे वयही विचारले गेले; पण युद्धामुळे त्या उत्तरांची बेरीज फारशी झालीच नाही. 1951 च्या प्रश्नावलीत अनुसूचित जाती-जमाती वगळता जात नव्हती. फाळणीनंतर आलेल्या निर्वासितांसाठी मात्र स्वतंत्र प्रश्न होता.

उत्तरांचे पुढे काय झाले, हे त्या काळच्या कामाच्या पद्धतीवरून कळते. 1901 पासून प्रत्येक माणसाची माहिती तक्त्यावरून एका छोट्या चिठ्ठीवर उतरवली जाऊ लागली. कागदाच्या रंगावरून धर्म कळे, छापील खुणांवरून स्त्री की पुरुष आणि विवाहित की अविवाहित. चिठ्ठ्या गठ्ठ्यांत लावून मोजल्या जात. आकडे निघाले की मूळ तक्ते आणि चिठ्ठ्या यांचे काम संपले, आणि ते नष्ट केले गेले. ब्रिटनमध्ये जुन्या गणनांचे घरनिहाय तक्ते जपून शंभर वर्षांनी खुले केले जातात. इथे उरले ते छापील खंड: मुंबई इलाख्याच्या गणना-अधीक्षकांपैकी 1881 चा बेन्स यांचा, 1901 चा एन्थोव्हेन यांचा, पुढे सेजविक यांचा 1921 चा, आणि 1951 पासूनच्या जिल्हा जनगणना पुस्तिका. पुस्तिकांत गावाची लोकसंख्या सापडते. कुटुंबाचे नाव नाही.

1948 च्या जनगणना कायद्याच्या कलम 15 नुसार गणनेची वैयक्तिक नोंद पाहता येत नाही आणि पुरावा म्हणून वापरताही येत नाही. नवी मुंबईसाठी 1970 पासून जमिनी संपादित झालेल्या या गावांत वारस आणि वहिवाट सिद्ध करण्याची वेळ वारंवार आली, पण जनगणनेचा तिथे काही उपयोग नव्हता. ज्याला पणजोबांचे नाव हवे असेल, त्याने तहसील कार्यालयातील जुने फेरफार आणि गाव नमुना 14, म्हणजे कोतवाल बुक, पाहावे. तिथे जन्म-मृत्यूच्या नोंदीत नावे आहेत, अनेकदा जातही.