‘सोळा तास’ : तळटीप

३. सोळा तास : हा वेळ फक्त विमानातला. लोहगावहून अमेरिकेला थेट विमान नसल्याने पौडकरांना आधी मोटारीने मुंबई गाठावी लागते. ते तास वेगळे. मुंबई ते नेवार्क सर्वांत कमी हवाई अंतर सुमारे १२,५५० किमी. पृथ्वीगोलावर दोरा ताणून पाहिला तर ही वाट स्कँडिनेव्हियावरून जाते. प्रत्यक्ष मार्ग वारे आणि बंद हवाई हद्दी पाहून बदलतो. परतीला वेळ कमी लागतो, तो पृथ्वीच्या फिरण्यामुळे नव्हे (हवाही तिच्याबरोबरच फिरते), तर पश्चिमेकडून वाहणाऱ्या उंचावरील वेगवान वाऱ्यांमुळे. नेवार्कचे घड्याळ भारताच्या मागे असते : उन्हाळ्यात साडेनऊ तास, हिवाळ्यात साडेदहा. — संपा.