कादंबरीवेडी वाचक आणि बुलढाणा

बुलढाणा जिल्ह्याचे नाव निघाले की लोणारचे सरोवर, शेगावचे गजानन महाराज संस्थान आणि जिजाऊंचे जन्मस्थान सिंदखेडराजा ही तीन नावे पाठोपाठ येतात. मराठी वाचनाच्या इतिहासातही या जिल्ह्याला एक मानाचे स्थान आहे. ते मात्र सहसा कोणाच्या ध्यानी येत नाही. १८८२ मध्ये पुण्याच्या श्री शिवाजी छापखान्यात ‘स्त्री-पुरुष तुलना’ हे अवघ्या पन्नासेक पानांचे पुस्तक छापले गेले. लेखिका होत्या बुलढाण्याच्या ताराबाई शिंदे. भारतीय स्त्रीवादी विचारातील आद्य ग्रंथांपैकी एक म्हणून या पुस्तकाचा गौरव होतो आणि तो यथार्थच आहे. परंतु हे पुस्तक लिहिणारी बाई त्याआधी कथा-कादंबऱ्यांची सजग वाचक होती, ही गोष्ट त्या गौरवात झाकून जाते.

ताराबाईंचा जन्म १८५० च्या सुमाराचा. वडील बापूजी हरी शिंदे हे बुलढाण्याच्या डेप्युटी कमिशनरच्या कचेरीत कारकून होते आणि सत्यशोधक समाजाच्या विचारांचे होते. गावात मुलींची शाळा नव्हती. वडिलांनी घरीच मुलीला मराठी, संस्कृत आणि इंग्रजी शिकविले. लग्न लहान वयात झाले, पण पती घरजावई असल्याने त्या माहेरीच राहिल्या. सासुरवाशिणीच्या वाट्याला न येणारी थोडी मोकळीक त्यामुळे त्यांना मिळाली असावी. बुलढाणा गावाला रेल्वे नव्हती आणि आजही नाही. जवळचे मोठे स्थानक मलकापूर, आणि तेथून घाट चढून वर यायचे. अशा आडगावी पुण्या-मुंबईची नवी पुस्तके पोहोचत होती आणि एक तरुण स्त्री ती बारकाईने वाचत होती, हे चित्र मोठे विलक्षण आहे.

ताराबाईंचे वय आणि मराठी कादंबरीचे वय यांचा मेळ पाहण्यासारखा आहे. बाबा पदमनजी यांची ‘यमुनापर्यटन’ १८५७ ची. लक्ष्मणशास्त्री हळबे यांची ‘मुक्तामाला’ १८६१ मध्ये प्रसिद्ध झाली, तेव्हा ताराबाई दहा-अकरा वर्षांच्या होत्या. नारो सदाशिव रिसबूड यांची ‘मंजुघोषा’ १८६८ ची, म्हणजे त्यांच्या ऐन अठराव्या वर्षीची. रामचंद्र भिकाजी गुंजीकरांची ‘मोचनगड’ ही मराठीतील पहिली ऐतिहासिक कादंबरी १८७१ मध्ये पुस्तकरूपाने आली, तेव्हा त्यांनी नुकतीच विशी ओलांडली होती. थोडक्यात, मराठी कादंबरी आणि ही वाचक बरोबरीनेच वाढल्या.

त्या काळच्या या कादंबऱ्यांना समीक्षक ‘अद्भुतरम्य’ म्हणतात. कल्पित राज्ये, राजकन्या, कपटी कारस्थानी, विरहाने झुरणारे नायक-नायिका, योगायोगाने होणाऱ्या भेटी आणि शेवटी सर्वांचे कल्याण, असा त्यांचा घाट असे. संस्कृत गद्यकाव्य, फारसी किस्से आणि इंग्रजी ‘रोमान्स’ यांचे ते मिश्रण होते. वि. का. राजवाडे यांनी १९०२ च्या ‘कादंबरी’ या निबंधात या साऱ्या लेखनाचा परखड आढावा घेतला. परंतु त्याच्या वीस वर्षे आधी बुलढाण्याच्या वाचकाने या कथांना जे प्रश्न विचारले ते राजवाड्यांच्या प्रश्नांहून निराळे आणि, आमच्या मते, अधिक मर्मभेदी होते.

‘स्त्री-पुरुष तुलना’ लिहिण्यास निमित्त झाले ते सुरतेच्या खटल्याचे. विजयालक्ष्मी नावाच्या तरुण ब्राह्मण विधवेला अर्भकहत्येच्या आरोपावरून १८८१ मध्ये फाशीची शिक्षा झाली. पुढे ती सौम्य होऊन काळ्या पाण्यावर आली. यावर ‘पुणेवैभव’ पत्राने समस्त स्त्रीजातीवर तोंडसुख घेतले. ताराबाईंनी लेखणी उचलली ती त्या संतापाने. मात्र वृत्तपत्राला उत्तर देऊन त्या थांबल्या नाहीत. स्त्री म्हणजे कपटाची खाण ही समजूत येते तरी कोठून, याचा शोध घेत त्या थेट पुस्तकांच्या कपाटाशी गेल्या. ‘मुक्तामाला’, ‘मंजुघोषा’, ‘मनोरमा’ हे नाटक, ‘स्त्रीचरित्र’ हा कथासंग्रह अशी नावे घेऊन त्यांनी विचारले की, या गोष्टींतील बायका अशा का रंगविल्या जातात? लिहिणारे पुरुष, वाखाणणारे पुरुष, आणि दोष तेवढा स्त्रीच्या माथी. पुराणकथाही त्यांच्या तावडीतून सुटल्या नाहीत. सावित्री पतीसाठी यमाच्या मागे गेली; पण पत्नीसाठी यमाच्या दारी गेलेला पुरुष कोणी ऐकला आहे काय, हा त्यांचा सवाल आजही वाचकाला थबकवतो. विधवेने जन्मभर व्रतस्थ राहावे असे म्हणणाऱ्यांना त्या उलट विचारतात की, पत्नी वारल्यावर पुरुषाने दाढीमिशा उतरवून अरण्यात का जाऊ नये?

कादंबरी मुळीच न वाचणाऱ्याला असली टीका साधत नाही. ज्याने कथेत जीव गुंतविला, नायिकेबरोबर उसासे टाकले आणि मग एका क्षणी ‘हे असे का?’ म्हणून पुस्तक मिटले, त्यालाच ती सुचते. कादंबऱ्यांनी मुली बिघडतात अशी ओरड त्या काळी सर्रास होती. ताराबाईंच्या उदाहरणावरून पाहता बिघडल्या त्या मुली नव्हेत. मुलींविषयीच्या ठाम समजुतींना मात्र तडा गेला. योगायोग असा की, मुलींच्या वाचनवेडाची जगप्रसिद्ध कथा, लुईझा मे अल्कॉटची ‘लिटल वुमेन’, १८६८ सालचीच, म्हणजे ‘मंजुघोषे’च्या वर्षाची. तिच्यातील ज्यो माळ्यावर बसून सफरचंदे खात कादंबरी वाचते आणि रडते. शांता शेळके यांनी ‘चौघीजणी’ या नावाने ती मराठीत आणली आणि महाराष्ट्रातील अनेक मुलींचे पहिले आवडते जाड पुस्तक तेच ठरले.

ऐतिहासिक कादंबरीची वाट यानंतर रुंद झाली. युरोपात वॉल्टर स्कॉटने १८१४ च्या ‘वेव्हर्ली’पासून ती पाडली होती. आपल्याकडे हरिभाऊ आपटे यांनी १८९० मध्ये ‘करमणूक’ हे साप्ताहिक काढले आणि त्यातून ‘उषःकाल’सारख्या कादंबऱ्या आठवड्या-आठवड्याने घरोघरी पोहोचविल्या. पुढच्या अंकाची वाट पाहण्याची गोडी मराठी कुटुंबाला लागली ती येथे. त्यांच्या ‘गड आला पण सिंह गेला’मध्ये तानाजीच्या पराक्रमाबरोबर कमलकुमारीचे करुण कथानक गुंफलेले आहे, इतिहासाला प्रेमकथेची जोड देण्याची रीत त्यातून रूढ झाली. नाथमाधव तर शिकारीच्या वेळी सिंहगडावरून पडून कमरेखाली अधू झाले आणि अंथरुणावरून त्यांनी स्वराज्याच्या कथा लिहिल्या. पडून राहिलेल्या माणसाने लिहिलेल्या घोडदौडी वाचून मुलांच्या किती पिढ्या थरारल्या असतील!

बुलढाण्याच्या तरुण वाचकाला मात्र इतिहासासाठी दूर जावे लागत नाही. सिंदखेडराजात लखुजीराव जाधवांचा वाडा आहे, रंगमहाल आहे, काळाकोट आहे, मोती तलाव आहे, लखुजीरावांची समाधी आहे. १२ जानेवारीला जिजाऊ जन्मोत्सवासाठी येथे महाराष्ट्रभरातून माणसे लोटतात. जन्मसाल १५९८ मानले जाते. याच तालुक्यातील साखरखेर्डा येथे १७२४ मध्ये निजाम-उल-मुल्काने मुबारिझखानाचा पराभव केला आणि हैदराबादच्या आसफजाही सत्तेचा पाया घातला. पेशवाईवरील कादंबऱ्यांत पानोपानी भेटणारा निजाम या शिवारातून उभा राहिला, हे तेथील शाळकरी मुलांना सांगायला हवे.

सिंदखेडच्या वाड्याशी निगडित एक गोष्ट तर तयार कादंबरीच आहे. रंगपंचमीच्या दिवशी लखुजीरावांच्या घरी मालोजी भोसले लहानग्या शहाजींना घेऊन आले. शहाजी आणि जिजाऊ एकमेकांवर रंग उडवू लागले. जोडा शोभून दिसतो, असे लखुजीराव थट्टेने बोलले आणि मालोजींनी तो शब्द धरून ठेवला. बखरींनी ही हकीकत रंगवून सांगितली, ग्रँट डफने इंग्रजीत नेली आणि कादंबरीकारांनी तिला आणखी गहिरे रंग दिले. समकालीन कागदपत्रांचा आधार तिला नाही. इतिहासाचे अभ्यासक ती दंतकथाच मानतात.

कागदपत्रांतील कथा याहून भीषण आहे. १६२९ मध्ये दौलताबादेत निजामशाहाने लखुजीराव आणि त्यांच्या पुत्रांना दरबारात बोलावून ठार मारविले. पुढच्या वर्षाच्या आरंभी, १६३० मध्ये, शिवनेरीवर शिवाजी महाराजांचा जन्म झाला. म्हणजे वडील आणि भाऊ मारले गेले तेव्हा जिजाऊ गरोदर होत्या. माहेर आणि सासर यांच्यात आधीच वितुष्ट होते; ज्या सत्तेने माहेर संपविले तिच्याच चाकरीत सासरच्यांची हयात गेली होती. अशा स्थितीत त्या तरुण स्त्रीच्या मनात काय चालले असेल? रंगपंचमीच्या रंगापेक्षा हा प्रश्न किती तरी मोठा आहे. तरीही आपल्या कथांत जिजाऊ येतात त्या बहुधा दोनच रूपांत: रंग खेळणारी बालिका आणि पुत्राला घडविणारी माता. मधली वीस-पंचवीस वर्षे पुसट राहतात. ताराबाईंनी नेमके येथेच बोट ठेवले असते.

मराठी ऐतिहासिक कादंबरीचा दुसरा मोठा बहर १९६० च्या दशकात आला. रणजित देसाई यांच्या ‘स्वामी’ने (१९६२) माधवराव आणि रमाबाई हे जोडपे घराघरांत नेले, १९६४ चा साहित्य अकादमी पुरस्कार तिला मिळाला. ना. सं. इनामदारांच्या ‘झेप’, ‘झुंज’ या कादंबऱ्या आल्या आणि १९७२ च्या ‘राऊ’ने बाजीराव-मस्तानीची प्रीती सांगितली. शिवाजी सावंतांची ‘छावा’ १९७९ ची. या पुस्तकांच्या वाचनालयातील प्रती फाटून पुन्हा बांधाव्या लागत. आता त्यांना पडद्यानेही नवे वाचक दिले आहेत. २०१५ चा ‘बाजीराव मस्तानी’ हा चित्रपट ‘राऊ’वर, तर २०२५ चा ‘छावा’ त्याच नावाच्या कादंबरीवर आधारलेला आहे. चित्रपट पाहून आलेली मुलगी वाचनालयात मूळ कादंबरी मागते, तेव्हा तिला नाके मुरडणाऱ्या ग्रंथपालाने स्वतःचे सोळावे वर्ष आठवून पाहावे.

‘स्वामी’ वाचताना डोळे न पाणावलेला वाचक विरळा. १७७२ मध्ये थेऊरला माधवराव वयाच्या सत्ताविसाव्या वर्षी क्षयाने गेले आणि रमाबाई सती गेल्या. कादंबरीत हा प्रसंग प्रेमाची परिसीमा म्हणून येतो, आणि लेखनाची ताकद अशी की वाचक तो तसाच स्वीकारतो. अश्रू पुसून झाल्यावर मात्र १८८२ मधील बुलढाण्याचा तो सवाल आठवावा. रमाबाईंनी चितेवर चढणे हे उदात्त का वाटले, आणि उलट घडले असते तर माधवरावांकडून कोणी काय अपेक्षिले असते? कादंबरी नापसंत करण्यासाठी हा प्रश्न नाही. तो विचारूनही ‘स्वामी’ पुन्हा वाचता येते. किंबहुना दुसरे वाचन अधिक जागे होते.

देसाईंच्याच ‘श्रीमान योगी’ला (१९६८) नरहर कुरुंदकरांचे प्रदीर्घ पत्र प्रस्तावना म्हणून जोडलेले आहे. तरुण वाचक बहुधा ते ओलांडून थेट कथेत शिरतात. त्यांनी कादंबरी संपल्यावर तरी ते वाचावे. साधनांतील शिवाजी आणि कादंबरीतील शिवाजी यांच्यात लेखकाला कोणत्या निवडी कराव्या लागतात, हे एवढ्या रसाळपणे मराठीत दुसरीकडे क्वचितच सांगितले गेले आहे.

कुमारवयासाठी खास लिहिलेल्या पुस्तकांची बाजू तुलनेने लंगडी आहे. ना. धों. ताम्हनकरांचा ‘गोट्या’, भा. रा. भागवतांचा ‘फास्टर फेणे’ हे मुलगे अजरामर झाले. बालभारतीने नोव्हेंबर १९७१ मध्ये सुरू केलेल्या ‘किशोर’ मासिकाने खेड्यापाड्यांत गोष्टी नेल्या. ताम्हनकरांची ‘चिंगी’ सोडली तर तेवढ्याच धिटाईने हुंदडणारी मुलगी शोधावी लागते. त्यामुळे मुली बालसाहित्यातून एकदम मोठ्यांच्या ऐतिहासिक कादंबरीत उडी घेतात. तेथे त्यांना तलवार दिसते, प्रेम दिसते, राजकारण दिसते. स्वतःच्या वयाची, स्वतःच्या मताची नायिका क्वचित भेटते.

खुद्द बुलढाणा जिल्ह्यातील लेखकांनी अलीकडे इतिहासाची वाट सोडून वर्तमानाची धरली आहे. सदानंद देशमुखांच्या ‘बारोमास’ला २००४ चा साहित्य अकादमी पुरस्कार मिळाला, तिच्यात शेतकरी कुटुंबाची होरपळ आहे. रमेश इंगळे उत्रादकरांच्या ‘निशाणी डावा अंगठा’ने साक्षरता मोहिमेचा फार्स उघडा केला. मेहकरचे कवी ना. घ. देशपांडे यांची भावगीते मात्र जुन्या अद्भुतरम्य प्रीतीशी नाते सांगतात.

‘स्त्री-पुरुष तुलना’च्या पाचशे प्रती निघाल्या आणि किंमत नऊ आणे होती. जोतीराव फुल्यांनी १८८५ मध्ये ‘सत्सार’च्या दुसऱ्या अंकात लेखिकेची बाजू घेतली. त्यानंतर ताराबाईंचे एकही पुस्तक आले नाही. पुस्तकही विस्मृतीत गेले. ते पुन्हा वाचकांसमोर आले १९७५ मध्ये, स. गं. मालशे यांनी संपादित करून प्रसिद्ध केले तेव्हा. १९९४ मध्ये रोझलिंड ओ’हॅन्लन यांचा इंग्रजी अनुवाद ऑक्सफर्डने काढला. आता मूळ मराठी पुस्तक सहज मिळते, आणि ‘स्वामी’ किंवा ‘राऊ’ एका बैठकीत संपविणाऱ्या वाचकाला ते संध्याकाळपर्यंत वाचून होते.