कृत्रिम बुद्धिमत्ता आणि वंशभेद

यंत्राला वर्ण नसतो, म्हणून त्याचा निवाडा निःपक्षपाती असतो, हा समज आम्हांस मान्य नाही. यंत्र माणसांनी पुरविलेल्या छायाचित्रांवरून शिकते. त्यांत गोऱ्या चेहऱ्यांचाच भरणा असेल, तर इतरांविषयी ते अधिक चुकते. चेहऱ्यावरून स्त्री-पुरुष ठरविणाऱ्या तीन प्रणाली जॉय बुओलाम्विनी व टिमनिट गेब्रू यांनी २०१८ साली तपासल्या. गोऱ्या पुरुषांबाबत चुकांचे प्रमाण फार तर ०.८ टक्के होते. कृष्णवर्णीय व सावळ्या स्त्रियांबाबत ते ३४.७ टक्क्यांपर्यंत गेले.

जानेवारी २०२० मध्ये तर अमेरिकेतील डेट्रॉइट पोलिसांनी, चेहरा जुळविणाऱ्या यंत्राच्या चुकीच्या निष्कर्षावरून, एका निरपराध कृष्णवर्णीय गृहस्थास पत्नी व मुलींदेखत बेड्या घातल्या. केवळ अशा निष्कर्षावरून अटक करण्यास तेथे मनाई झाली ती २०२४ च्या तडजोडीनंतर!

त्याच वर्षी संयुक्त राष्ट्रांच्या वंशभेदविषयक विशेष प्रतिवेदक अश्विनी के. पी. (त्या भारतीय आहेत) यांनी मानवी हक्क परिषदेस याच विषयावर अहवाल सादर केला. वंशभेदाविरुद्धचा १९६५ चा आंतरराष्ट्रीय करार हेतूबरोबर परिणामही पाहतो. तेव्हा ‘आमचा हेतू तसा नव्हता’ ही सबब शासनांना पुरणारी नाही.