वळवाच्या पहिल्या सरीत गाडी घसरली तर काय पाहावे?

कोल्हापुरात एप्रिल-मे महिन्यांत वळवाच्या सरी येतात, जूनमध्ये मोसमी पाऊस सुरू होतो. या पहिल्या सरींनंतर मंगळवार पेठेतील आमच्या दवाखान्यात दुचाकीवरून घसरून पडलेले रुग्ण हमखास येतात. "पाऊस तर थोडाच होता," असे त्यांतले बरेच जण सांगतात. धोका त्या थोड्या पावसातच असतो.

थोडा पाऊस जास्त निसरडा का?

कोरड्या महिन्यांत रस्त्यावर धूळ, गळलेले तेल आणि टायरचे झिजलेले रबर साचते. हलक्या सरीने ते धुऊन जात नाही, पाण्यात मिसळून त्याचा बुळबुळीत थर होतो. मोठा पाऊस झाला की तो बराचसा वाहून जातो. म्हणून सर सुरू होताच वेग कमी करा किंवा थोडा वेळ थांबा. ट्रॅक्टरच्या चाकांबरोबर आलेली माती, रंगवलेले पट्टे आणि लोखंडी झाकणे यांवर अचानक ब्रेक दाबू नका. आंबा किंवा गगनबावड्याच्या घाटात वेग वळणाआधीच कमी करा.

पडल्यावर लगेच काय करावे?

- मान दुखत असेल किंवा हातापायांना मुंग्या, बधिरपणा असेल तर रुग्णाला उठवून बसवू नका. १०८ क्रमांकावर रुग्णवाहिका बोलवा.
- श्वासाला अडथळा नसेल तर हेल्मेट ओढून काढू नका.
- रक्त वाहत असेल तर स्वच्छ कापडाने घट्ट दाबून धरा.
- खरचटलेला भाग नळाच्या वाहत्या पाण्याखाली माती निघेपर्यंत धुवा. हळद, चुना, टूथपेस्ट लावू नका.
- धनुर्वाताचे इंजेक्शन शेवटचे कधी घेतले ते डॉक्टरांना सांगा. जखम मातीने माखलेली असेल आणि पाच वर्षे उलटली असतील तर ते पुन्हा घ्यावे लागते.

डोक्याला मार लागला असेल तर

बाहेर जखम नाही म्हणजे आत काही झाले नाही, असे नसते. कवटीच्या आतला रक्तस्राव काही तासांनी त्रास देऊ शकतो. पहिले २४ तास रुग्णाला एकटे ठेवू नका. पुढीलपैकी काहीही दिसल्यास सीटी स्कॅनची सोय असलेल्या रुग्णालयात तातडीने न्या:

- थोडा वेळ का होईना, शुद्ध हरपणे
- वारंवार उलटी, वाढत जाणारी डोकेदुखी
- असंबद्ध बोलणे, अति झोप, झटका
- नाका-कानातून रक्त किंवा पाणी येणे
- एका बाजूचा हात-पाय लुळा पडणे

वय ६५ पेक्षा जास्त असेल किंवा रक्त पातळ करणाऱ्या गोळ्या चालू असतील, तर लक्षणांची वाट न पाहता तपासून घ्या.

"मुका मार आहे, बरा होईल"

हँडल पोटात लागले असेल आणि पोट दुखत असेल, चक्कर येत असेल, घाम सुटत असेल तर प्लीहा किंवा यकृताला इजा झालेली असू शकते. घरी थांबू नका. हातावर पडल्यावर अंगठ्याच्या मुळाशी, मनगटात दाबल्यावर दुखत असेल तर पहिला एक्स-रे चांगला दिसूनही हाड मोडलेले असू शकते. दुखणे टिकले तर १० ते १४ दिवसांनी पुन्हा दाखवा.

मदत करताना घाबरू नका

मोटार वाहन कायद्यातील २०१९ च्या दुरुस्तीनुसार अपघातग्रस्ताला सद्भावनेने मदत करणाऱ्याला संरक्षण आहे. आणि हेल्मेट चालवणाऱ्याइतकेच मागे बसणाऱ्यालाही हवे, पट्टा लावलेले. पट्टा सैल असेल तर पडताना हेल्मेट आधी निघते.