वाडा, बिऱ्हाडं आणि भाडं : दूरच्या टेबलासाठी सॉफ्टवेअर निवडताना

आजचा विषय तांत्रिक वाटेल, पण आपण तो इतिहासाच्या अंगाने मांडणार आहोत. केजसारख्या तालुक्याच्या गावी खत-बियाण्यांचं दुकान असतं, आडत असते, कर सल्लागाराची कचेरी असते. १ जुलै २०१७ पासून जीएसटी लागू झाला आणि हिशेब दर महिन्याला वेळेवर भरणं भाग पडलं. टॅलीचा डेटा केजच्या संगणकावर आणि हिशेब लिहिणारा मात्र पुण्यात किंवा बीडला, असं आता सर्रास दिसतं. मग प्रश्न येतो : दुकानातला संगणक दुरून वापरायचा, तर सॉफ्टवेअर कोणतं घ्यायचं? आमचं म्हणणं असं, की याचं उत्तर जाहिरातीपेक्षा इतिहासात लवकर सापडतं.

आधी ही वस्तू काय आहे ते पाहू. एका वाड्यात अनेक बिऱ्हाडं राहतात. प्रत्येकाची चूल वेगळी, कुलूप वेगळं, पण पाया आणि छप्पर एकच. व्हर्च्युअल मशीन म्हणजे असं बिऱ्हाड. एकाच यंत्रावर अनेक संगणक चालतात आणि प्रत्येकाला वाटतं, सगळं यंत्र आपलंच. ही कल्पना आयबीएमच्या अमेरिकेतल्या केंब्रिज केंद्रात १९६४ साली हाती घेतली गेली. १९६७ मध्ये तिथे सीपी-४० ही प्रणाली प्रत्यक्ष कामाला लागली. एका यंत्रावर १४ बिऱ्हाडं बसत. १९७२ साली व्हीएम/३७० आली आणि हा माल बाजारात रुळला.

आपल्याकडे तेव्हा काय होतं? मुंबईच्या टाटा मूलभूत संशोधन संस्थेत १९६४ साली सीडीसी ३६०० हे मोठं यंत्र आलं आणि बाहेरच्या संस्थांची कामंही त्यावर चालू लागली. कंपन्यांमध्ये आयबीएमची यंत्रं होती, बहुतेक भाड्यानं. विदेशी चलन कायद्यानुसार परदेशी कंपनीनं भारतीय शाखेतला आपला हिस्सा कमी करावा, असा सरकारचा आग्रह होता. आयबीएमला ते मान्य नव्हतं, आणि १९७८ मध्ये तिनं भारत सोडला. यंत्रं इथंच राहिली, त्यांची देखभाल सीएमसी या सरकारी कंपनीकडे आली. वादात कोण बरोबर होतं, तो भाग सोडा. यंत्र आपल्या खोलीत असलं, तरी त्याचा धनी दूर कुठंतरी आपला निर्णय बदलू शकतो, हे आपल्याला तेव्हाच कळलं होतं.

पुढे छोटे संगणक आले आणि दोन वाटा फुटल्या. पहिली वाट : वाडा न करता एकच मोठा हॉल, त्यात सगळे बसतात. एकाच विंडोजवर अनेक जण आपापल्या पडद्यावर काम करतात. आयबीएममधून बाहेर पडलेल्या एड याकोबुची यांनी १९८९ साली सिट्रिक्स काढली. १९९५ चं तिचं विनफ्रेम हे याच वाटेवरचं. १९९८ मध्ये मायक्रोसॉफ्टनं हीच सोय एनटी ४.० च्या टर्मिनल सर्व्हर आवृत्तीत दिली. आजच्या रिमोट डेस्कटॉप सर्व्हिसेस ही तिचीच पुढची पिढी.

दुसरी वाट खऱ्या बिऱ्हाडांची. १९९८ साली व्हीएमवेअर निघाली आणि १९९९ मध्ये तिनं साध्या पीसीवर व्हर्च्युअल मशीन चालवून दाखवलं. नंतर लिनक्सची बाजू उभी राहिली. २००७ साली केव्हीएम लिनक्सच्या गाभ्यात आलं. ते लिहिणारी कुमरानेट ही कंपनी दुरून वापरायच्या डेस्कटॉपचाच धंदा करत होती. म्हणजे आपली गरज तिथं मुळातच होती. २००८ मध्ये रेड हॅटनं ती विकत घेतली. त्याच वर्षी व्हिएन्नाहून प्रॉक्समॉक्स आलं. ते केव्हीएमवर उभं आहे, सगळा कारभार ब्राउझरमधून चालतो आणि फुकट वापरता येतं.

आता अलीकडची गोष्ट. नोव्हेंबर २०२३ मध्ये ब्रॉडकॉमनं व्हीएमवेअर घेतली. डिसेंबरमध्ये कायमस्वरूपी परवाने विकणं बंद झालं, पुढं फक्त मुदतीची वर्गणी. फेब्रुवारी २०२४ मध्ये छोट्या कचेऱ्यांचं आवडतं फुकट ईएसएक्सआय बंद झालं आणि एप्रिल २०२५ मध्ये परत आलं. मायक्रोसॉफ्टचा फुकट हायपर-व्ही सर्व्हर २०१९ च्या आवृत्तीवरच थांबला. वाड्याचा मालक बदलला, भाड्याच्या अटी बदलल्या. बिऱ्हाडकरूला कुणी विचारलं नाही!

मग केजच्या दुकानदारानं काय करावं? एकच माणूस दुरून काम करणार असेल, तर व्हर्च्युअलायझेशनच्या भानगडीत पडूच नये. विंडोज प्रो आवृत्तीतला रिमोट डेस्कटॉप पुरतो. चार-पाच जण एकच टॅली वापरणार असतील, तर पहिली वाट, म्हणजे हॉल, सोपी. मात्र प्रत्येकाचा वेगळा परवाना लागतो, तो खर्च आधी मांडावा. दुसरी वाट तेव्हा, जेव्हा कामं एकमेकांपासून वेगळी ठेवायची असतात. जुन्या मराठी फॉन्टचं सॉफ्टवेअर फक्त जुन्या विंडोजवर चालतं, अशा वेळी त्याला वेगळी खोली द्यावी. पाच बिऱ्हाडांना प्रत्येकी ८ जीबी म्हटलं तरी ४० जीबी मेमरी झाली. यंत्र ६४ जीबीचं घ्यावं. आणि बरं का, प्रॉक्समॉक्स फुकट असलं तरी आतलं विंडोज फुकट नसतं. दुरून वापरायच्या विंडोज डेस्कटॉपसाठी मायक्रोसॉफ्टचा वेगळा हक्क लागतो.

दोन गोष्टी कुठल्याच सॉफ्टवेअरच्या डब्यावर लिहिलेल्या नसतात. पहिली लाइट. दुरून येतो तो फक्त पडद्याचा देखावा, डेटा केजमध्येच राहतो, त्यामुळे बेताचं इंटरनेटही चालतं. पण लाइट गेली आणि इन्व्हर्टर संपला, की पुण्यातला माणूस हात बांधून बसतो. यंत्रासोबत राउटरही बॅकअपवर हवा. दुसरी कुलूप. रिमोट डेस्कटॉपचं दार थेट इंटरनेटवर उघडं ठेवू नये. २०१९ च्या ब्लूकीप या त्रुटीनं हे जगाला शिकवलं. आधी व्हीपीएन, मग डेस्कटॉप.

शेवटचा निकष इतिहासानंच दिला आहे. विकत घेण्याआधी विक्रेत्याला विचारा : उद्या आम्हाला इथून निघायचं झालं, तर सामान बाहेर नेता येईल का? व्हर्च्युअल मशीन म्हणजे शेवटी एक फाइल. ती दुसऱ्या डिस्कवर उतरवून दुसऱ्या सॉफ्टवेअरमध्ये चालू करून पाहा. हे एकदा जमलं, की कुणाचीही निवड करा, मालकाच्या मर्जीची भीती उरत नाही. जमलं नाही, तर फुकट मिळालेलंही महागात पडेल.